मोफत मंचावरची वीस मिनिटं: लोकसंगीताच्या नव्या गटाने तयारी कशी करावी

इंदूरमधल्या एखाद्या विनामूल्य कार्यक्रमात देवासकडची कबीर मंडळी, निमाडातले संत सिंगाजींची पदं गाणारे भजनी आणि इथल्याच मराठी मुलामुलींनी बसवलेला गोंधळ किंवा भारूड असं सगळं एकाच संध्याकाळी येतं. गाणं बहुतेकांचं चांगलं असतं. तरी अर्ध्या गटांचं सादरीकरण फसतं, आणि दर वेळी कारणं तीच असतात: माइक शिट्टी मारतो, ढोलकाखाली शब्द बुडतात, पहिलंच पद बारा मिनिटं चालतं आणि दुसऱ्या पदाच्या मध्येच निवेदक विंगेतून हातवारे करू लागतो.

याचं मूळ एकच आहे. ही गाणी रात्रभर, गोल बसून, माइकशिवाय गायची म्हणून घडली. नव्या कलाकारांच्या मंचावर मात्र वीस मिनिटं मिळतात, प्रेक्षकांकडे तोंड करून रांगेत बसावं लागतं आणि पुढचा गट विंगेत उभाच असतो. हा फरक कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर चढल्यावर निस्तरता येत नाही. तो घरी, तालमीत सोडवावा लागतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा, कारण माइकची यादी गाणी ठरल्याशिवाय होत नाही आणि साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, यादीशिवाय होत नाही.

टप्पा १: होकार देण्याआधी विचारून घ्या

बोलावणं आलं की आनंदाने ‘हो’ म्हणून टाकायचं आणि मग दर दोन दिवसांनी एकेक प्रश्न विचारत बसायचं, ही सर्वांत सर्रास चूक. सगळं एकाच निरोपात विचारा. असा निरोप चालतो:

“नमस्कार दादा, बोलावल्याबद्दल आभार. आम्ही सात जण आहोत. काही गोष्टी कळल्या तर तयारीला सोपं जाईल. जागा बंद सभागृह आहे की उघडी? आमची वेळ किती, आणि चढणं-उतरणं त्यातच धरायचं का? कितवा क्रमांक? साउंड चेक किती वाजता? माइक आणि स्टँड किती मिळतील? येण्या-जाण्याचा खर्च आणि जेवण कोणाकडे? रेकॉर्डिंग होणार आहे का, आणि ते कुठे टाकणार?”

जागेचा प्रश्न पहिला, कारण बाकी बरंच त्यावर ठरतं. रवींद्र नाट्यगृह, विद्यापीठाचं सभागृह किंवा जाल सभागृह असेल तर वारा, दव, रस्त्यावरचे भोंगे यांची चिंता नाही. राजवाड्यासमोर, गांधी हॉलच्या आवारात किंवा लालबागेत असेल तर या तिन्हींची आहे, शिवाय घड्याळाचीही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक सहसा लावता येत नाही. बंद सभागृहात आतल्या आत लावता येतो. परवानगी काढणं आयोजकांचं काम आहे. पण उघड्या जागी तुमचा क्रमांक शेवटचा असेल तर उशिराचा फटका तुम्हालाच बसणार. आधीच्या प्रत्येक गटाने पाच-पाच मिनिटं जास्त घेतली की तुमच्या वीस मिनिटांची आठ होतात. अशा वेळी मधला क्रमांक मागा. मागायला लाजू नका.

पैशांबद्दलही तसंच. प्रेक्षकांना प्रवेश मोफत आहे, याचा अर्थ ढोलकवाल्याने महूहून स्वतःच्या खिशातून यावं असा होत नाही. मानधन नसेल तर प्रवास आणि जेवण तरी स्पष्ट ठरवा. तोंडी नको, निरोपात लिहून घ्या.

तपासा: उत्तरं आल्यावर ती गटातल्या सगळ्यांना पाठवली का? गटप्रमुखाच्या फोनमध्येच पडून राहिलेली माहिती काही उपयोगाची नाही.

टप्पा २: रात्रीचं गाणं वीस मिनिटांत बसवा

वीस मिनिटं म्हणजे गाण्याची पंधरा. चढून बसायला आणि सूर जुळवायला दोन, बोलायला दीड-दोन, आणि उरलेली राखीव. राखीव वेळ गाण्यात घालण्याचा मोह होतो; घालू नका. मंचावर गाणं तालमीपेक्षा लांबतं. सुरुवात सावकाश होते, टाळ्या पडल्या की ओळ पुन्हा घेतली जाते.

पंधरा मिनिटांत तीन गाणी, फार तर. बऱ्याच गटांना दोनच पुरतात आणि दोनच शोभतात.

कापायचं कुठे, हा खरा प्रश्न. लोक सहसा वेग वाढवतात, आणि गाण्याचा जीव तिथेच जातो. निर्गुणी पदात ठेका एका ठिकाणी बसलेला असतो, तो पळवला की शब्द घशातच राहतात. वेग तोच ठेवा, कडवी कमी करा. ध्रुवपद, दोन कडवी आणि नाममुद्रा असलेलं शेवटचं कडवं. ‘कहे कबीर’ किंवा ‘एका जनार्दनी’ ही ओळ गाळून पद संपवणं जाणत्या माणसाला खटकतं, आणि इंदूरच्या प्रेक्षकांत जाणती माणसं पुष्कळ असतात.

गोंधळ बसवणाऱ्यांचा प्रश्न निराळा. त्यात गण, देवतांचं आवाहन आणि मग आख्यान असा क्रम असतो. सगळं थोडं थोडं घेतलं तर कशाचंच काही होत नाही. गण अगदी छोटा, आवाहनात मोजकी नावं, आणि आख्यानातला एकच प्रसंग, पण तो पूर्ण. दिवटी पेटवायची असेल तर टप्पा १ मध्येच विचारा. बहुतेक सभागृहांत मंचावर उघडी ज्योत चालत नाही. ऐन वेळी दिवटी काढून घेतली की गोंधळी गांगरतो. बॅटरीची दिवटी आधीच बनवून घ्या आणि तीच हातात घेऊन तालीम करा.

गाण्यांचा क्रम लावताना पट्टी, म्हणजे कोणत्या सुरापासून गायचं ते, बघा. पहिलं गाणं काळी एकमध्ये आणि दुसरं काळी तीनमध्ये असेल तर तंबुरा पुन्हा लावायचा, ढोलक चढवायचा, आणि लोक तोवर फोन काढतात. सगळी गाणी एकाच पट्टीत बसतील अशी निवडा. ते शक्य नसेल तर पट्टी एकदाच बदला, आणि त्या वेळेत बोलणारा माणूस ठरवून ठेवा.

सावध: गाणं गोंधळी घराण्यातल्या कोणाकडून किंवा एखाद्या कबीर मंडळीकडून शिकला असाल तर मंचावर गाण्याआधी त्यांना सांगा आणि गाताना त्यांचं नाव घ्या. ज्यांच्याकडे गोंधळ हा कुळधर्म आहे, त्यांना त्याचा ‘परफॉर्मन्स’ झालेला रुचेलच असं नाही. विचारल्यावर बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, न विचारल्याचा राग मात्र बरीच वर्षं टिकतो.

तपासा: पूर्ण सादरीकरण, चढण्यापासून उतरण्यापर्यंत, घड्याळ लावून तीनदा करा. तिन्ही वेळा एकोणीस मिनिटांच्या आत बसलं तरच गाणी ठरली असं समजा.

टप्पा ३: बैठक आणि माइकची यादी

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. बहुतेक गट तो करतच नाहीत. साउंडवाला दिसेल तिथे माइक ठेवतो आणि पुढे जे होतं ते होतं.

आधी हे समजून घ्या. गायकासमोर जो नेहमीचा माइक असतो तो समोरचा आवाज जास्त उचलतो आणि मागचा सर्वांत कमी. माइकचं तोंड गायकाकडे असतं. म्हणजे गायकाच्या पाठीमागे उभा असलेला टाळकरी त्या माइकच्या अगदी समोर आला! भारुडात आणि भजनात टाळकरी मागेच उभे राहतात, म्हणून झांजा आणि टाळ गायकाच्याच माइकमधून कडाडतात आणि शब्द हरवतात. साउंडवाला मग गायकाचा आवाज वाढवतो, त्याबरोबर टाळही वाढतात. टाळकऱ्यांना गायकाच्या दोन्ही बाजूंना, दोन पावलं मागे, तिरके उभे करा. टाळ-झांजांना वेगळा माइक बहुधा लागतच नाही.

दुसरी गोष्ट: जास्त माइक म्हणजे जास्त आवाज, हा गैरसमज. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न मारता मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलने घटतो. आठ जणांच्या गटाला आठ माइक मागू नका. झील धरणाऱ्या, म्हणजे मागून साथीला गाणाऱ्या, दोघांना एक माइक पुरे. दोन माइकांमधलं अंतर, माइक आणि त्याच्या आवाजाचं उगमस्थान यांच्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा. ढोलकाचा माइक कातड्यापासून वीतभर असेल तर शेजारचा माइक तीन वितींच्या पलीकडे.

तिसरी गोष्ट हातांची. मालव्यातला कबीर गायक एका हाताने तंबुरा छेडतो आणि दुसऱ्या हातात करताल असते. त्याला माइक हातात देणं शक्यच नाही. त्याला आडवा दांडा असलेला स्टँड लागतो, बसून गात असेल तर बुटका. संबळवाला उभा असतो, वाद्य कमरेला असतं, म्हणून त्याला मध्यम उंचीचा. स्टँड किती आणि कोणते, हे यादीत लिहिलंच पाहिजे. माइक मिळतात, बुटके स्टँड मिळत नाहीत, हा इंदूरचाच काय, कुठल्याही गावचा अनुभव.

आता एका कागदावर प्रेक्षकांच्या बाजूने दिसेल तशी बैठक काढा, प्रत्येकाच्या जागी आकडा घाला आणि खाली यादी लिहा. सात जणांच्या कबीर मंडळीची अशी होईल:

१. मुख्य गायक, मध्ये, बसून. बुटका आडवा स्टँड.
२. त्याचा तंबुरा. छोटा स्टँड, किंवा पिकअप (वाद्यालाच लावलेला छोटा माइक) असेल तर डीआय बॉक्स (त्याची वायर मिक्सरला जोडायची डबी).
३. ढोलक, गायकाच्या डावीकडे. एकच माइक.
४. हार्मोनियम, उजवीकडे. छोटा स्टँड.
५. व्हायोलिन, हार्मोनियमच्या पलीकडे. उंच आडवा स्टँड.
६. झील, दोघांत एक माइक. मंजिरे आणि टिमकी याच दोघांकडे, वेगळा माइक नाही.

सातवा माणूस? तो खाली, साउंडवाल्याशेजारी. व्हायोलिन कधी एकट्याने वाजतं आणि शेवटच्या कडव्याला ढोलक कधी चढतो, हे मिक्सरवाल्याला कोणीतरी सांगायला हवं. गटातला एक माणूस गाण्यातून कमी झाला तरी चालेल, ही जागा रिकामी ठेवू नका.

सात-आठ माणसं चौदा फुटांवर पसरू नका. एकमेकांकडे नजर गेली पाहिजे. गोल बसायची सवय असेल तर अर्धगोल बसा. ढोलकवाल्याला गायकाचा चेहरा दिसणं मॉनिटरपेक्षा (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरपेक्षा) महत्त्वाचं.

तपासा: हा कागद आयोजक आणि साउंडवाला दोघांनाही कार्यक्रमाच्या किमान तीन-चार दिवस आधी पाठवा. एक छापील प्रत खिशात ठेवा.

टप्पा ४: वाद्यं

कातडं दमट हवेत सैल पडतं, कोरड्यात ताणलं जातं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या दवात उघड्यावर ढोलक उतरतो. एसी सभागृहात चढतो. म्हणून वाद्य जागेवर पोचल्यावर तिथल्या हवेत अर्धा तास राहू द्या आणि मगच लावा. गाडीतून काढून लगेच लावलेला सूर मंचावर टिकत नाही.

डफ आणि हलगी शेकून घ्यायची सवय असते. सभागृहात शेकोटी कुठली? केस वाळवायचं यंत्र न्या, हातभर अंतरावरून फिरवा. विंगेत सॉकेट आहे का ते आधी बघा आणि एक लांब एक्स्टेन्शन जवळ ठेवा. पखवाजाची कणीक सभागृहातच भिजवा, ओल्या फडक्याने झाकून ठेवा, चढण्याआधी एकदा बोट लावून पाहा.

तुणतुण्याचा आवाज संबळापुढे काहीच नसतो. त्याला स्वतंत्र माइक द्या किंवा त्याच्या एकट्याच्या चार मात्रा मोकळ्या ठेवा.

जादा तारा, करतालीचा जादा जोड, ढोलकाच्या कड्या, कात्री, चिकटपट्टी. बॅटरीवर चालणारं काही असेल तर नव्या बॅटऱ्या. पिशवी एका माणसाकडे.

टप्पा ५: साउंड चेक

साउंड चेक उलट्या क्रमाने होतो, हे नव्या गटांना माहीत नसतं. शेवटी गाणारा गट आधी तपासतो आणि पहिला गाणारा सर्वांत शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच मंचावर राहते. तुमचा क्रमांक शेवटचा असेल तर तुम्हाला दुपारीच बोलावतील. “आम्ही तर आठला आहोत” म्हणून सातला पोचू नका.

क्रम असा ठेवा. आधी लाइन चेक: एकेक माइक, फक्त चालू आहे की नाही. मग ढोलक एकटा, नेहमीच्या जोराने. पुष्कळ वादक चेकला हळू वाजवतात आणि कार्यक्रमात दुप्पट जोराने. सगळा हिशोब तिथे चुकतो. मग हार्मोनियम, तंबुरा, व्हायोलिन. मग गायक, वरच्या पट्टीतली सर्वांत जोरकस ओळ घेऊन. “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग”वर आवाज ठरत नाही. शेवटी सगळे मिळून शेवटच्या कडव्याची चढती बाजू, एक मिनिट. संपलं.

मॉनिटरमध्ये काय हवं ते मोजकं मागा. गायकाला स्वतःचा आवाज आणि तंबुरा, ढोलकवाल्याला गायक. “सगळं थोडं थोडं द्या” म्हटलं की मॉनिटर दुसरा स्पीकरच होतो आणि शिट्टी सुरू होते. मॉनिटर माइकच्या पाठीमागे असावा, तोंड गायकाकडे.

शिट्टी आली तर माइकची जाळी हाताने झाकू नका. झाकल्याने ती वाढते. तोंड माइकजवळ न्या, साधारण चार बोटांवर, आणि साउंडवाल्याकडे बघा. त्याच्यावर मंचावरून ओरडू नका. कार्यक्रम संपेपर्यंत त्याच्याच हातात तुमचा आवाज आहे.

सावध: वेळ नसल्याने साउंड चेक रद्दच झाला, असं मोफत कार्यक्रमांत नेहमी होतं. तेव्हा टप्पा ३ चा कागद कामी येतो. कागद द्या, लाइन चेक मागा, आणि पहिलं गाणं असं घ्या ज्यात सुरुवातीला एकटा तंबुरा, मग गायक, मग ढोलक येतो. साउंडवाल्याला एकेक वाद्य सावरायला तेवढा वेळ मिळतो.

तपासा: चेक झाल्यावर माइकच्या आणि बैठकीच्या जागी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा केल्या का? आणि साउंडवाल्याने मिक्सरवर तुमच्या गटाची नोंद ठेवली का?

टप्पा ६: चढण्याआधीचे दोन तास

तळलेलं नको, थंड शिकंजी नको, सराफ्यातलं खाणं कार्यक्रमानंतर. कोमट पाणी जवळ ठेवा. फेटे आधी बांधून घ्या. आरशापुढे एकच माणूस फेटा बांधतोय आणि बाकीचे सहा रांगेत, हे दृश्य विंगेत फार वेळा दिसतं.

आधीच्या गटाचं शेवटचं गाणं सुरू झालं की सगळ्यांनी वाद्यांसह विंगेत. फोन बंद. एक माणूस दाराशी, निवेदकाच्या नजरेत.

टप्पा ७: मंचावर

बसा, खुणांवर. सूर एकदा जुळवा, दोनदा नको. जुळवणं चालू असताना बोलणाऱ्याने बोलायला लागायचं.

काय बोलायचं ते लिहून, पाठ करून. इंदूरच्या सभागृहात मराठी, माळवी आणि हिंदी बोलणारे सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात. भारूड मराठीत गा, पण ते कशावर आहे हे एका वाक्यात हिंदीत सांगा. माळवी पद गाणाऱ्यांनी एखादा अडलेला शब्द आधी उलगडून सांगावा. यापुढे एक शब्दही नको. कबीराच्या पदाआधी कबीराचं तत्त्वज्ञान सांगणारे गट पाहिले आहेत. लोक गाणं ऐकायला आलेत, आणि ते पद आपलं काम स्वतः करतं.

चूक झाली तर थांबू नका. गायक कडवं विसरला तर झील धरणाऱ्याने ध्रुवपद उचलायचं, हे तालमीत ठरवून ठेवा. तार तुटली तर तंबुरा बाजूला ठेवून करतालीवर पद पूर्ण करा.

निवेदकाने दोन मिनिटांची खूण केली की चालू कडवं संपवून थेट नाममुद्रेच्या कडव्यावर जा. तिसरं गाणं सोडून द्यायची तयारी मनाशी आधीच ठेवा. वेळेत उतरणाऱ्या गटाला आयोजक पुन्हा बोलावतात. गाणं किती रंगलं हा विचार त्यांच्या मनात त्यानंतर येतो.

टप्पा ८: उतरताना

नमस्कार करा आणि वाद्यं तशीच उचलून विंगेत जा. मंचावर बसून खोळी घालू नका, तारा गुंडाळू नका, फोटोसाठी थांबू नका. पिकअपची वायर काढण्याआधी साउंडवाल्याला हात दाखवून आवाज बंद करायला सांगा, नाहीतर सभागृहभर फटाका वाजतो. नऊ मिनिटांत होणारी गटबदल तीन मिनिटांत झाली तर सगळ्या संध्याकाळचा ताल सुधारतो.

टप्पा ९: रेकॉर्डिंग आणि हक्क

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. ती सूट सादरीकरणापुरती. त्याचं रेकॉर्डिंग ऑनलाइन टाकणं हा वेगळा विषय.

कबीर, सिंगाजी, एकनाथ यांची पदं कोणाच्या मालकीची नाहीत. पण अलीकडच्या कवीचं गीत किंवा हयात संगीतकाराने बांधलेली चाल असेल तर हक्क शिल्लक असतो. निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. ‘पारंपरिक’ म्हणून ऐकलेली चाल कधीकधी कोणीतरी आकाशवाणीसाठी बांधलेली निघते. टाकण्याआधी शोध घ्या, नाव कळलं तर लिहा, परवानगी लागत असेल तर मागा.

तुमचेही हक्क आहेत. त्याच कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे सादर करणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क मिळतो. आयोजक रेकॉर्डिंग करणार असतील तर कुठे टाकणार, पैसे आले तर कोणाचे, गटातल्या सगळ्यांची नावं येणार का, हे लिहून घ्या आणि मगच सही करा. नुसतं “हो, टाका” म्हणू नका. मूळ फाइलची एक प्रत मागा, आठवडाभरात. नंतर ती कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपात राहते.

फाइल आली की सगळ्यांनी एकत्र बसून ऐका, आधी डोळे मिटून आणि मग पाहून. शब्द कुठे बुडाले, टाळ कुठे जास्त झाले, कोणत्या ओळीला लोकांनी दाद दिली ते टिपा, टप्पा ३ च्या कागदावर दुरुस्त्या करा आणि पुढच्या आयोजकाला तो नवा कागद पाठवा.